आपांच्या अंबरी प्लेटा

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी गेलो होतो. आमची खालाजाद बहीण तिथे राहते. वयाने मोठी, म्हणून आमच्यासाठी त्या आपा. त्यांच्या मुलीचा निकाह होता. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आपांनी जेवणघरातलं शोकेस उघडलं आणि मधाच्या रंगाच्या बारा प्लेटा एकेक करून टेबलावर मांडल्या. मध्ये चौकटीसारखी नक्षी, तिच्याभोवती वेलबुट्टीचे वळसे. खिडकीतून ऊन पडलं की टेबलावर पिवळी सावली पडायची.

"मुलीला द्यायला घेतल्यात," आपा म्हणाल्या. "१९३२ च्या आहेत. दुकानदार म्हणाला, त्याच्या आजीच्या घरातल्या. तीनशे डॉलर पडले, पण वस्तू कशी आहे बघा."

वस्तू सुंदर होती यात वाद नाही. पण आम्ही पडलो मास्तर. १९३२ म्हटल्यावर आमच्या डोक्यात प्रश्न आला की हे ओळखायचं कसं? सोन्यावर हॉलमार्क असतो, नोटेत तार असते. काचेवर काय असतं? निकाहला आठ दिवस होते, घरातली कामं बायका आम्हाला करू देत नव्हत्या. मग आम्ही आणि भाची शहराच्या वाचनालयात जाऊन बसलो. तिथे जे वाचलं आणि नंतर जुन्या वस्तूंच्या बाजारांत फिरून जे पाहिलं, ते आमच्या वाचक भगिनींना आवडेल असं वाटलं म्हणून हा लेख.

अमेरिकेत काच साच्यात दाबून भांडी करण्याची युक्ती १८२० च्या दशकात रुळली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सँडविच गावात डेमिंग जार्व्हिस यांनी १८२५ साली कारखाना काढला. तोवर काचेवर नक्षी हवी तर कारागीर चाकावर ती हाताने कापायचा, आणि ते काम श्रीमंतांनाच परवडायचं. आता नक्षी लोखंडी साच्यात एकदा कोरली की वितळलेल्या काचेचा गोळा आत टाकायचा, वरून दांडा दाबायचा, की भांडं तयार. तरी काच महागच होती, कारण तिच्यात शिसं घालत. १८६४ मध्ये व्हीलिंग या गावी विल्यम लेटन यांनी शिशाऐवजी सोडा आणि चुना वापरून तशीच चकचकीत काच काढली आणि भाव कोसळले. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत शेकडो नक्ष्या निघाल्या. एका नक्षीत झाकणावर गुडघे टेकलेला आदिवासी आणि कडेने रानरेडे, दुसरीत पेल्याच्या दांड्यावर तीन बायकांचे चेहरे, तिसरीत सिंह. पहिली आणि सिंहाची फिलाडेल्फियाच्या गिलिंडर कारखान्याची, चेहऱ्यांची पिट्सबर्गच्या डंकन यांची.

इथे एक गंमत सांगायला हवी. कारखान्यात या नक्ष्यांना बहुधा नुसते क्रमांक असत. आज लोक ज्या नावांनी त्या ओळखतात त्यांतली पुष्कळशी नावं नंतर संग्राहकांनी दिली. रूथ वेब ली या बाईंनी १९३१ मध्ये दाबकाचेवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यातली नावं रूढ झाली. रानरेड्यांच्या नक्षीचं कारखान्यातलं नाव 'पायोनियर' होतं, आता तिला सगळे 'वेस्टवर्ड हो' म्हणतात. म्हणजे मुलाचं नाव आई-बापांनी एक ठेवलं आणि मोहल्ल्याने दुसरं, आणि शाळेच्या दाखल्यावर मोहल्ल्याचंच लागलं! वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी आमच्याकडे दरवर्षी असतात.

आपांच्या प्लेटा मात्र याच्या नंतरच्या काळातल्या. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या, कोट्यवधी लोकांची कामं गेली. त्या काळात जी स्वस्त रंगीत काच घराघरांत शिरली तिला आज 'डिप्रेशन ग्लास', म्हणजे मंदीची काच म्हणतात. तेव्हा हे नाव नव्हतं, तेही मागाहून पडलं. भट्ट्या यंत्रावर चालत, दिवसाला हजारो नग निघत. ही काच वुलवर्थसारख्या पाच-दहा सेंटच्या दुकानांत विकली जायची. ओट्सच्या डब्यात कप किंवा बशी फुकट यायची. सिनेमागृहांत आठवड्यातली एक रात्र 'डिश नाइट' असायची. तिकिटाबरोबर एक भांडं. या आठवड्याला कप, पुढच्या आठवड्याला बशी, मग आई पोरांना घेऊन दर आठवड्याला सिनेमा बघणारच. वॉशिंग पावडरीबरोबर चमचा किंवा वाटी मिळाल्याचे दिवस आपल्यालाही आठवतात, तेव्हा यात नवल वाटू नये.

काच स्वस्त होती, म्हणून तिच्यात बुडबुडे राहत, रेघा येत. यावर कारखानदारांनी इलाज काढला तो नक्षीचाच. साच्याच्या आतल्या बाजूला तेजाबाने बारीक जाळीदार नक्षी कोरायची, म्हणजे भांड्यावर ती उठून येते आणि दोष झाकून जातात. हे वाचलं तेव्हा आम्हाला अम्मींची आठवण झाली. डाग पडलेल्या दुपट्ट्यावर त्या नेमकी तिथेच बुट्टी काढायच्या.

रंगांचंही तसंच शास्त्र आहे. गडद निळा कोबाल्टने येतो, गुलाबीला सेलेनियम वापरत. काही हिरव्या काचेत थोडंसं युरेनियम असायचं आणि अंधारात तिच्यावर अतिनील टॉर्च धरला की ती झगझगीत हिरवी उजळते. भाचीने बाजारातून तसा टॉर्च आणला आणि दोन दिवस घरातली एकही वस्तू सोडली नाही. महायुद्धात अमेरिकन सरकारने युरेनियमवर बंधनं आणली आणि तसे रंग काढणं अनेक वर्षं बंद राहिलं. पण नुसता उजेड पाहून वस्तू जुनी ठरवू नये, कारण युरेनियमची काच आजही नव्याने काढतात.

आता आमच्यासारख्या उर्दूच्या मास्तरांना सगळ्यात जास्त मजा कशात आली ते सांगतो. या काचेच्या संचाची यादी वाचा. तिच्यात दर वेळी एक नग सापडतो, त्याचं नाव 'शर्बेट'. बुटक्या पायाची, तळहातावर मावणारी वाटी, आइस्क्रीम किंवा फळांचा गोडवा वाढायला. हा शब्द म्हणजे आपला शरबत, अरबी-फारसी-तुर्कीतून फिरत फिरत ओहायोपर्यंत गेलेला. पाण्याच्या सुरईला ते 'कराफ' म्हणतात, ते अरबी गर्राफा. आणि आपांच्या प्लेटांचा रंग तिथे 'अँबर', म्हणजे अरबी अंबर. यावर कडी म्हणजे त्या नक्षीचं नावच 'माद्रिद'. स्पेनची ही राजधानी नवव्या शतकात कुर्तुब्याचे अमीर मुहम्मद पहिले यांनी किल्ला बांधून वसवली आणि तिचं नाव मज्रीत होतं. कोलंबसच्या कारखानदारांना यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. त्यांना स्पेनचं नाव डौलदार वाटलं असावं. पण आम्ही हे सांगितलं तेव्हा आपांना त्या प्लेटा आणखीच आवडल्या, आणि नंतर आमचीच पंचाईत झाली.

याच काळात अमेरिकेत दारूबंदी होती, १९२० पासून १९३३ पर्यंत. दारूची विक्रीच बेकायदा. साहजिकच लिंबूपाण्याचे जग, थंड चहाचे उंच पेले यांना मागणी राहिली. त्यामुळे त्या काळातले कित्येक संच आपल्या दस्तरखानावर बिनदिक्कत ठेवण्यासारखे आहेत.

माद्रिद नक्षी काढली फेडरल ग्लास कंपनीने, आणि ती कंपनी होती कोलंबसमध्येच. म्हणजे आपांचं घर आणि ही काच एकाच गावची. त्यांनी १९३१ मध्ये 'पॅरट' नावाची पोपटांची नक्षी काढली होती, ती फार चालली नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्याच आकारांवर माद्रिद चढवली आणि ती १९३९ पर्यंत चालली. अंबरी, हिरव्या, गुलाबी, निळ्या आणि पांढऱ्या काचेत. त्यातली साखरदाणी सहज मिळते, तिचं झाकण मात्र मिळता मिळत नाही. झाकणंच आधी फुटतात ना, आपल्याकडच्या बरण्यांचंही तेच.

या काचेची सगळी नावनिशी लोकांनी लावली ती १९७० नंतर. हेझल मेरी वेदरमन या बाईंनी त्या वर्षी मंदीच्या रंगीत काचेवर पुस्तक काढलं आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जीन फ्लॉरेन्स यांचा कोश आला. ते शाळेत शिकवायचे, हे वाचून आम्हाला उगाच अभिमान वाटला. पुस्तकं आली, संग्राहक वाढले, भाव चढले. आणि भाव चढला की नक्कल येतेच. 'चेरी ब्लॉसम' ही जेनेट कंपनीची १९३० सालची नक्षी, पानं आणि चेरीचे घोस असलेली. १९७३ पासून तिच्या नव्या नकला बाजारात येऊ लागल्या. तिचा जग उलटा करून तळाच्या चेरी मोजायच्या. जुन्या जगावर नऊ असतात, नकलेवर सात. असा एक आकडा हाती लागला की कसं बरं वाटतं! सगळ्याच नक्ष्यांचं असं सोपं नसतं.

ओळखीच्या बाकीच्या खुणा आम्ही बाजारांत हात लावून शिकलो. ओहायोत जुन्या वस्तूंचे मोठाले बाजार भरतात. एका छपराखाली शेकडो गाळे, प्रत्येकाचा मालक वेगळा, पैसे घ्यायला दारात एकच माणूस. आम्ही पहिल्यांदा प्लेट उचलली ती वरून पाहिली. एका म्हाताऱ्या गाळेवाल्याने ती हातातून काढून घेतली, उलटी केली आणि म्हणाला, तळ बघा. रोज वापरलेल्या भांड्याच्या तळाच्या कडेवर वेडेवाकडे, सगळ्या दिशांना गेलेले ओरखडे असतात, प्लेटेवर सुऱ्यांच्या बारीक रेघा असतात. खोटं जुनेपण आणायला लोक सँडपेपर घासतात, पण मग सगळ्या रेघा एकाच दिशेने जातात. महागड्या कारखान्यांची काच हाताने पूर्ण केलेली असायची, तिचा तळ घासून गुळगुळीत केलेला असतो. स्वस्त काचेच्या अंगावर साच्याची जोडरेषा बोटाला लागते. काही कारखाने खूण उमटवत. न्यूअर्क गावच्या हायसी कंपनीचं चौकटीतलं 'एच' तर आंधळ्यालाही चाचपून सापडेल. फेडरलची खूण ढालीत 'एफ', पण ती प्रत्येक नगावर नसते.

सारख्या दिसणाऱ्या नक्ष्या ही मोठी डोकेदुखी. फॉस्टोरिया कंपनीची 'अमेरिकन' नावाची नक्षी, बर्फाच्या खड्यांसारखे चौकोन असलेली, १९१५ ला सुरू झाली ती १९८६ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत. तिच्यासारखीच जेनेटची 'क्यूब', तिच्यासारखीच इंडियाना कंपनीची 'व्हाइटहॉल'. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. फॉस्टोरियाची काच चकचकीत आणि तिच्या चौकोनांच्या कडा हाताला नेमक्या लागतात, इतरांच्या जरा बोथट. हा फरक आम्हाला चौथ्या बाजारात कळला. चारही बाजारांत भाची कंटाळली नाही याचं कौतुक.

आणि एक धोक्याची सूचना, ही आपल्या घरच्या जुन्या काचेलाही लागू आहे. ती भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. उष्णतेने आणि साबणाने काच दुधाळ होते आणि तो पांढरेपणा परत जात नाही. आपांनी दोन प्लेटा त्यात धुतल्या होत्या. आमच्या डोळ्यांदेखत घडतं तर थांबवलं असतं.

या प्लेटांचं पुढे काय झालं ते आता सांगावंच लागेल. वाचनालयात माद्रिदचं पान उघडलं आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून फेडरलने हीच नक्षी 'रिकलेक्शन' नावाने अंबरी रंगात पुन्हा काढली. प्रामाणिकपणे काढली, नक्षीतच '७६' हा आकडा घालून. थोड्याच वर्षांत ती कंपनी बंद पडली, साचे इंडियाना कंपनीने घेतले, त्यांच्यातला आकडा काढून टाकला आणि इतर रंगांतही माल काढला. मूळ संचात कधीच नसलेल्या वस्तूसुद्धा त्याच नक्षीत आल्या.

घरी आल्यावर सगळे झोपल्यावर भाचीने आणि आम्ही एक प्लेट दिव्याखाली धरली. नक्षीच्या वळशांत इंग्रजी आकडे. सात आणि सहा. दुसरी घेतली, तिसरी घेतली. बाराही प्लेटांवर.

आता सांगायचं कसं? मुलीच्या लग्नाचं घर, आणि आपा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला १९३२ चं ऐकवत होत्या. शेजारच्या एक बाई, निवृत्त ग्रंथपाल, त्यांनाही ऐकवलं होतं. त्यांच्याकडे त्यांच्या आजीची खरी माद्रिद साखरदाणी होती, अर्थात बिनझाकणाची, आणि ती त्या कौतुकाने दाखवायला घेऊन आल्या होत्या. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांनाच गाठलं. त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी दिसला आकडा. पण नवरीच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू?" मग हे काम आमच्याच गळ्यात पडलं.

आपांना सांगितलं तेव्हा त्या आधी मानेनात. आकडा दाखवला तेव्हा गप्प झाल्या. राग फसवलं गेल्याचा कमी आणि आपण चार लोकांत बोलून बसलो याचा जास्त होता. त्यांचे शोहर म्हणाले, आजच दुकानात जाऊ. गेलो. गाळेवाला म्हणाला, मला जसं सांगून विकलं तसं मी पुढे विकलं, पावतीवर साल लिहिलेलं नाही. पावतीवर खरंच नव्हतं. आजीचा विषय आम्ही काढला तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माल विकताना त्याचा ऐब लपवू नये, हे आपल्याकडे भाजीवाल्यालाही ठाऊक असतं. पण परदेशी बाजारात पावती हीच साक्ष. जुनी वस्तू घ्याल तर नक्षीचं नाव, कारखाना आणि अंदाजे साल त्यावर लिहून घ्या. विकणारा लिहायला तयार नसेल तर त्यातच उत्तर आलं.

परतताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. भाचीच म्हणाली, "अब्बा, तुमचा जन्म ७६ चा ना? मग या प्लेटा तुमच्याच वयाच्या आहेत. मला त्याच द्या." तिचे अब्बा आधी हसले आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. प्लेटा तिच्याबरोबर गेल्या. यंत्रात न धुण्याचं वचन घेऊन. यंत्रातल्या दोन मात्र आपांनी स्वतःकडे ठेवल्या.

लग्नानंतर ग्रंथपाल बाई आम्हाला जवळच्या केंब्रिज गावातलं काचेचं संग्रहालय दाखवायला घेऊन गेल्या. तिथल्या कारखान्याची पातळ, फुलांची कोरीव काच पाहताना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे भारतात काच कुठे होते? आम्ही फिरोजाबादच्या बांगड्या सांगितल्या आणि मग तळेगावचा पैसा फंड काच कारखाना सांगितला. लोकांनी एकेक पैसा जमवून १९०८ मध्ये उभा केलेला, टिळकांचा पाठिंबा लाभलेला, आणि त्याच्या उभारणीतले ईश्वरदास वार्ष्णेय काचेचं शिक्षण घ्यायला जपानला आणि मग अमेरिकेतल्या एमआयटीला जाऊन आलेले. बाईंनी ते नाव वहीत लिहून घेतलं.

आम्ही परत आल्यावर आपांचा नाद सुटेल असं वाटलं होतं. उलट झालं. आता त्या दर शनिवारी बाजारात जातात, पिशवीत भिंग आणि टॉर्च असतो. परवा रात्री साडेदहाला फोनवर त्यांनी एक फोटो पाठवला. गुलाबी काचेचा जग, उलटा केलेला, तळ सरळ कॅमेऱ्याकडे. खाली एवढंच लिहिलं होतं, "मोजा."

आम्ही चष्मा लावला, फोटो मोठा केला, मोजल्या. पानांमध्ये दोन लपल्या असतील म्हणून पुन्हा मोजल्या. सातच होत्या. तसं कळवलं.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "माझ्याही सातच भरल्या. ठेवून आले."